रेग्युलेटरचा होज नाशकातच दाबून घेतला तर? सातपूर-अंबडवाले, जरा इकडे या

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. धागा भटकंतीत टाकावा की तंत्रज्ञानात, या घोळात होतो. संपादकांना हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला स्कूबा रेग्युलेटर आहे (सिलिंडरच्या हवेचा दाब कमी करून ती तोंडापर्यंत देणारं यंत्र: सिलिंडरवर बसते ती फर्स्ट स्टेज, तोंडात धरतात ती सेकंड स्टेज, मधला पाईप तो होज). तारकर्लीला गेलं की भाड्याचा माउथपीस तोंडात घालायचा कंटाळा आला होता, म्हणून घेतला. बाकी सगळं उत्तम, पण ऑक्टोपसचा (जोडीदारासाठी असते ती पिवळी सेकंड स्टेज) होज फर्स्ट स्टेजकडच्या टोकाला, फेरूलच्या (टोकावर दाबून बसवलेली धातूची कडी) लगेच बाहेर चिरलाय. वाकवला की आतली पांढरी वीण दिसते. अजून गळत नाही.

नवीन होज बाहेरून मागवावा लागणार, त्याला काही हजार जाणार, आणि मला हवी ती लांबी मिळेल याची खात्री नाही. आता नाशकात राहून होजसाठी दुसऱ्या गावाच्या तोंडाकडे बघायचं हे मनाला पटेना. सातपूर किंवा अंबडला हायड्रॉलिकच्या कुठल्याही दुकानात जा, जेसीबीचा फुटलेला पाईप काउंटरवर टाका, चहा संपायच्या आत नवीन दाबून हातात मिळतो, तोही काही शे रुपयांत. पाव इंची दोन जाळीचा आर-२ पाईप ४०० बार वर्किंग प्रेशरचा असतो. माझ्या एलपी (लो प्रेशर) होजमध्ये असतात ९-१० बार. म्हणजे चाळीसपट ताकद! मग अडतंय कुठे? कोणी करून घेतलाय का? आणि होजचं काय काय घरी दुरुस्त करता येतं?

"डायव्हिंगमध्ये जुगाड नको" एवढंच लिहायचं असेल तर कृपया कारणासकट लिहा.

फेरूल_आणि_डाय

कारणासकट लिहितो. अंबडमध्ये हेच काम करतो, त्यामुळे माझं गिऱ्हाईक मीच घालवतोय असं समजा.

आधी थ्रेडचं, कारण माणूस फसतो तो तिथेच. तुमच्या होजचं फर्स्ट स्टेजकडचं टोक ३/८-२४ यूएनएफ (३/८ इंच व्यास, इंचाला २४ आटे), सेकंड स्टेजकडची फिरती नट ९/१६-१८ यूएनएफ. प्रेशर गेज लागतं तो एचपी (हाय प्रेशर) पोर्ट ७/१६-२०. आता आमच्या डब्यात जेआयसीची (हायड्रॉलिकमधली एक प्रमाणित जात) फिटिंग पडलेली असतात. त्यात तीन नंबरचा थ्रेड ३/८-२४, चार नंबरचा ७/१६-२०, सहा नंबरचा ९/१६-१८. हुबेहूब तेच! दुकानदार म्हणणार "आहे की आपल्याकडे", फिरवून दाखवणार आणि ते लोण्यासारखं बसणार. पण जेआयसी सील होतं ३७ अंशाच्या कोनावर, धातूवर धातू घासून. तुमच्या रेग्युलेटरमध्ये कोन नाहीच. तिथे सगळा कारभार ओ-रिंगचा (रबरी कडीचा). मग ते गळणार, दुकानातला पोरगा "अजून अर्धा आटा" म्हणत पाना ओढणार आणि क्रोम केलेल्या पितळी पोर्टचे आटे सोलून निघणार. होज स्वस्तात पडला, फर्स्ट स्टेज मोडीत गेली.

दुसरं, तो पाव इंची आर-२ पाईप १०० मिमीच्या त्रिज्येपेक्षा आत वळवायचा नसतो. जड आहे, ताठ आहे. दातात धरलेली सेकंड स्टेज तो सतत एका बाजूला ओढत राहील, जबडा दुखून येईल. त्यात स्टीलची तार. वरच्या रबराला खरचटलं, खारं पाणी शिरलं की तार आतून गंजते आणि वरून काही कळत नाही. जेसीबीला चालतं. तिथे पाईप फुटला तर ऑपरेटर शिव्या देत खाली उतरतो.

प्रेशरचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. पण या होजमध्ये प्रेशर हा सगळ्यात सोपा भाग आहे.

बुडबुडे

फेरूलसाहेबांना +१. मी रेग्युलेटरची सर्व्हिसिंग करतो, मी आतल्या अस्तराबद्दल लिहितो.

हायड्रॉलिक पाईपचं अस्तर हे तेलासाठी बनवलेलं नायट्राइल रबर. त्यातून कोणी श्वास घेईल असं बनवणाऱ्याच्या स्वप्नातही नसतं. मँड्रेलवरून (ज्या दांड्यावर पाईप घडवतात त्यावरून) पाईप सुटावा म्हणून लावलेला पदार्थ आत राहतो, पाईप कापताना चकतीने उडालेली रबराची काजळी आणि तारेचे कण आत जातात, आणि शेवटी दुकानातल्या प्रत्येक हाताला तेल असतं (राग मानू नका). नवीन पाईपच्या तुकड्यात पांढऱ्या फडक्याचा बोळा सारून बाहेर काढा आणि त्याचा रंग बघा. श्वसनाच्या हवेचं युरोपियन मानक ईएन १२०२१ एका घनमीटर हवेत तेल ०.५ मिलिग्रॅमपर्यंतच चालवून घेतं. कॉम्प्रेसरला महागडे फिल्टर लावून ती हवा त्या मर्यादेत आणायची आणि शेवटच्या एका मीटरमध्ये तिला तेलकट पाईप दाखवायचा, याला काय अर्थ?

खाली गेलं की हे वाढतं. ३० मीटरवर एकूण दाब ४ बार. पृष्ठभागावर जो वास "येतोय थोडासा" वाटतो, तो तिथे चौपट भरतो. आणि कधी नायट्रॉक्स वापरायचा विचार असेल तर ऑक्सिजन जास्त असलेला गॅस आणि तेल एकत्र आणायचं नाही, हे वेल्डिंगवाल्यालाही माहीत असतं.

स्कूबाच्या एलपी रबरी होजमध्ये स्टीलची नाही, कापडी धाग्याची वीण असते. म्हणून तो मऊ असतो. तुम्हाला जी पांढरी वीण दिसतेय ती हीच. आणि ती दिसली म्हणजे तो होज संपला. "अजून गळत नाही" वगैरे काही नाही. आजच काढून ठेवा.

गोदाकाठचा

दोघांचेही आभार. आर-२ चा विषय मी सोडला.

पण मग पुढचा प्रश्न. श्वसनाच्या हवेसाठीचा पाईप मीटरवर मिळवला, स्कूबाचीच टोकं आणि फेरूल वेगळी मागवली, तर अंबडला दाबून का नाही घ्यायची? बाहेरदेशी काही लोक करतात असं वाचलंय. मशीन तेच आहे ना?

फेरूल_आणि_डाय

मशीन तेच. डाय (दाबायचे साचे) लहान लागतील, त्याही मिळतात. होतं. पण कसं होतं ते ऐका, मग तुम्हीच ठरवा.

पाईप काटकोनात, स्वच्छ कापायचा. फेरूलमध्ये किती आत जायला हवा त्याची खूण आधीच पाईपवर करायची, कारण फेरूल चढली की आत काय चाललंय ते दिसत नाही. पाईप चार मिलिमीटर कमी गेला तरी बाहेरून दाब अगदी सुंदर दिसतो, आणि तोच पाईप एक दिवस ओढ बसली की सुटून येतो. मग टोकाचा बार्ब (पाईपच्या आत जाणारी खाचेदार नळी) आत सारायचा, डायमध्ये मधोमध धरायचं आणि दाबायचं. किती दाबायचं? हे हाताच्या अंदाजाचं काम नाही. पाईप बनवणारा आणि फिटिंग बनवणारा मिळून तक्ता देतात, या पाईपला ही फेरूल, दाबल्यावरचा व्यास इतका. दाबून झालं की व्हर्नियरने फेरूलच्या मध्यावर फिरवून तीन-चार जागी मोजायचं, डायच्या कडांनी उठलेल्या रेघा सोडून. जास्त दाबला तर आतला बार्ब चेपतो, भोक अरुंद होतं, खोलवर जोरात श्वास घेतला की हवा कमी पडते. कमी दाबला तर काय होतं ते सांगायला नको.

तुम्ही पाईप एकाचा आणि फेरूल दुसऱ्याची आणलीत की तक्ता कुठला लावणार? तिथून पुढे सगळा अंदाज. माझा अंदाज चांगला आहे, पण तो जेसीबीवर तयार झालाय.

तरीही केलाच, तर तपासणी पाण्याने. होज पाण्याने पूर्ण भरायचा, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, हातपंपाने वर्किंग प्रेशरच्या दुप्पट चढवून धरून ठेवायचं. हवेने कधी नाही. पाणी दबत नाही, फुटलं तर फस्स् करून संपतं. दाबलेली हवा फुटली तर टोक तोंडावर येतं.

माझं मत: जुळणारा संच आणि तक्ता हातात असेल तर एलपी होज इथे होऊ शकतो. पण तो संच आणि डाय मिळवायला जेवढा खर्च येईल, तेवढ्यात तयार होज किती येतील ते मोजा.

बुडबुडे

इथे माझा फेरूलसाहेबांशी थोडा मतभेद आहे. कारखान्यात एका लॉटमधले काही होज फोडून, ओढून तोडून बघतात आणि त्यावरून उरलेल्यांची हमी देतात. तुम्ही एकच होज बनवलात तर तो फोडून बघणार की वापरणार? दुप्पट प्रेशरला टिकला म्हणजे त्या दिवशी टिकला, इतकंच. सेकंड स्टेज तोंडात असताना तो होज दर श्वासाला हलतो, वाकतो, बोटीवर चढताना त्यालाच धरून ओढणारेही असतात.

लिफ्ट बॅग भरायची नळी, हत्यार चालवायचा एअर पाईप, जिथे माणूस श्वास घेत नाही तिथे जरूर दाबून घ्या. श्वासाचा मात्र विकतचाच.

फेरूल_आणि_डाय

मान्य नाही पण आदर आहे :) विमानाच्या होजही कोणीतरी एक-एक करूनच दाबतं. फरक कागदपत्रांचा आहे, मशीनचा नाही.

बुडबुडे

कागदपत्रांचा म्हणजेच तपासणीचा! तेच तर म्हणतोय.

सिन्नरफाटा

मध्येच तोंड घालतो. एलपीचं कळलं. पण प्रेशर गेजच्या एचपी होजला तर श्वासाचा संबंधच नाही. त्यातून हवा फक्त काट्यापर्यंत जाते. तिथे ४०० बारचा आर-२ का चालू नये? सिलिंडर तर २०० बारचा.

बुडबुडे

चांगला प्रश्न. एचपी होज पोर्टवरून काढा आणि टोकातून आत बघा. भोक दिसणार नाही, दिसेल ते सुईच्या टोकाएवढं. मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. गेजला हवेचा प्रवाह लागत नाही, फक्त दाब कळायला हवा. त्या बारीक छिद्रामुळे एचपी होज फुटला तर आवाज भयंकर होतो, पण सिलिंडर हळूहळू रिकामा होतो आणि सावकाश वर यायला वेळ मिळतो. उलट १० बारचा एलपी होज सपशेल फुटला तर भरलेला सिलिंडर काही मिनिटांत संपतो. ऐकायला उलटं वाटतं, पण घाबरायचं असेल तर एलपीला घाबरा.

अंबडच्या फिटिंगला ते छिद्र नसणार. पूर्ण बोअरमधून २०० बार हवा सुटली की होज चाबकासारखा फिरतो. आणि गेजकडच्या टोकाला स्पूल (होज आणि गेज यांच्यातली बारीक पोकळ काडी) बसायची जागाही लागते, ती हायड्रॉलिकच्या टोकात नसते.

उगाच_विचारते

मी अजून नवखी आहे, पण माझ्या गेजपाशी बारीक बुडबुडे येतात. मालवणला डायव्हमास्टर म्हणाले, "ताई, चालतंय." खरंच चालतं का? की होज बदलायचा?

बुडबुडे

ताई, बहुधा होज नाही, दोन ओ-रिंग बदलायच्या आहेत. खरं तर धागाकर्त्याच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बुडबुडे नक्की कुठून येतात ते शोधा. रेग्युलेटर सिलिंडरला लावा, हवा सोडा आणि होज बादलीत बुडवून शांत बसा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते ती सोडून द्या. पोर्टच्या मुळाशी बुडबुडा असेल तर होजच्या टोकावरची ओ-रिंग: एलपीला ०११ नंबर, एचपीला ०१२. सेकंड स्टेजच्या नटपाशी असेल तर आतली ०१०. गेजच्या फिरत्या सांध्यापाशी असेल तर स्पूल. हे तिन्ही घरी होतं. पण फेरूलच्या कडेतून, होज प्रोटेक्टरच्या (टोकावरच्या रबरी बाहीच्या) आतून किंवा होजच्या अंगाला फुगवटा येऊन बुडबुडे येत असतील तर दुरुस्ती नाही. कापून फेका, म्हणजे दुसरा कोणी उचलून लावणार नाही. एक अपवाद: एचपी रबरी होजच्या वरच्या कव्हरला मुद्दाम टोचलेली बारीक छिद्रं असतात, अस्तरातून झिरपलेला गॅस तिथून निघावा म्हणून. त्यातून एखादा रेंगाळत येणारा बुडबुडा म्हणजे लगेच आपत्ती नाही. ओळीने येत राहिले तर मात्र होज बदला.

आता स्पूल. सिलिंडर बंद करा, पर्ज (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबून सगळी हवा काढा, गेजचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा. मग दोन पाने, एकाने गेज धरायचा, दुसऱ्याने होजची नट सोडवायची. एकाच पान्याने केलं तर होज पिळला जातो. नट मागे गेली की गेजच्या तोंडात एक पितळी काडी दिसेल, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, मधून आरपार भोक आणि दोन्ही टोकांना एकेक इवलीशी ओ-रिंग, ००३ नंबर. तोच स्पूल. ताटात किंवा पांढऱ्या टॉवेलवर काम करा, कारण तो उडाला की घर झाडून काढावं लागतं. जुन्या ओ-रिंग सुईने नाही, पितळी किंवा प्लास्टिकच्या पिकने काढा. स्पूलवर ओरखडा पडला की नवी रिंगही गळणार. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात, चमकेल इतकाच. नायट्रॉक्स वापरत असाल तर ऑक्सिजनला चालणारं ग्रीस. व्हॅसलीन नको, नायट्राइलला ते चालून जातं, पण ईपीडीएमसारख्या दुसऱ्या रबराला फुगवतं.

बसवताना नट हाताने शेवटपर्यंत फिरली पाहिजे. मग पान्याने किंचित. सील ओ-रिंग करते, जोर नाही. पोर्टवरच्या टोकांनाही साधारण ४.५ न्यूटन-मीटर पुरतो, म्हणजे मनगटाची ताकद, खांद्याची नाही. मग परत बादली.

आणि "चालतंय" हे उत्तर मला चालत नाही. बारीक गळती जीव घेत नाही हे खरं, पण ती उद्या किती असेल हे कोणाला माहीत?

खारं_वारं

मालवणवाल्यांच्या वतीने माफी मागतो, ताई :) सीझनला एवढी गर्दी असते की "चालतंय" आपोआप तोंडातून जातं.

वर कोणी विणलेल्या (ब्रेडेड) होजबद्दल बोललं नाही म्हणून लिहितोय. बाहेरून नायलॉनची सुंदर वीण, हलका, गाठ मारता येईल इतका मऊ. सगळे त्याच्यामागे आहेत. त्याच्या आतली नळी पॉलियुरेथेनची असते. काही जुन्या होजमध्ये या नळीचं उष्ण-दमट हवेत विघटन होऊन आत पिवळसर स्फटिक जमलेले आढळलेत. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कने याबद्दल सावध केलंय. बाहेरून होज नवाकोरा दिसतो आणि आत भुकटी, ती थेट सेकंड स्टेजच्या व्हॉल्व्हवर. एकतर फ्री फ्लो होतो (हवा आपोआप वाहत सुटते), नाहीतर हवा अडते. आमच्या किनारपट्टीला उष्णता आणि दमटपणा दोन्ही फुकट मिळतात, म्हणून मी तरी अजून काळ्या रबरी होजवरच आहे. ब्रेडेड वापरत असाल तर वर्षाकाठी दोन्ही टोकं काढून आत टॉर्च मारा, होज आपटून काही पडतं का बघा आणि उत्पादनाची तारीख वाचा. ती होजवर किंवा फेरूलवर असते.

नाशिककरांसाठी अजून एक: रेग्युलेटर गाडीच्या डिकीत ठेवून एप्रिल-मेमध्ये कसारा घाट उतरू नका. रबराला ऊन आणि घट्ट वळण एकदम मिळालं की तडे जातात, आणि ते नेमके त्या होज प्रोटेक्टरच्या खाली जातात. प्रोटेक्टर मागे सरकवून बघायची सवय ठेवा. खाली हिरवा-पांढरा थर निघतो की नाही सांगा.

उगाच_विचारते

सरकवला. निघाला :(

खारं_वारं

कोमट गोड्या पाण्यात रात्रभर ठेवा (फर्स्ट स्टेजचं झाकण लावून, आणि पर्ज बटण दाबायचं नाही), मग ब्रशने घासा. खाली रबर अखंड असेल तर काळजी नाही.

निफाडकर

राम राम मंडळी. तुमचं समुद्राचं चाललंय, आमचं विहिरीचं. पाणबुडी मोटार विहिरीत सुटून पडली आहे, पाणी बरंच खोल. गावातली दोन पोरं उतरायला तयार आहेत. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आणि एचटीपीचा फवारणीचा पाईप, नवा घेऊ, शंभर मीटरची गुंडाळी. टोकाला मास्क. शेजारच्या गावात असं केलेलं ऐकलंय. पाईप ५० बारचा म्हणतात, हवा तर ७-८ बारच. हा धागा वाचून शंका आली म्हणून विचारतो.

बुडबुडे

भाऊ, शंका आली ते फार बरं झालं. उतरवू नका.

पाईपचं आधी. फवारणीचा पाईप पीव्हीसीचा. त्याला मऊ ठेवायला जे प्लॅस्टिसायझर घालतात, त्याचाच तो नव्या पाईपचा वास. उन्हात तापलेल्या शंभर मीटर पाईपमधली हवा पोरांच्या छातीत जाणार. आणि तो नवा असला तरी मळ्यात नवा-जुना पाईप अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. कीटकनाशक गेलेल्या पाईपमधून श्वास घेणं म्हणजे काय ते द्राक्षवाल्याला मी सांगायची गरज नाही.

पण पाईप हा यातला सगळ्यात लहान धोका आहे. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तेलावर चालतो. तो तापला की तेलाची वाफ हवेत येते, फारच तापला तर तेल जळून कार्बन मोनॉक्साइडही. तो पेट्रोल-डिझेल इंजिनवर असेल आणि वारा फिरला तर धूर थेट आत ओढला जातो. ईएन १२०२१ मध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ५ पीपीएम आहे, याला ना वास ना रंग. १० मीटर पाण्याखाली त्याचा परिणाम दुप्पट.

त्यात पाण्यावरची विहिरीतली हवा. तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन कमी असतो. विहिरीत एक बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, त्याला काढायला तिसरा, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

फेरूल_आणि_डाय

निफाडकर भाऊ, यात अजून एक भर. व्यावसायिक लोक वरून पाईपने हवा घेऊन काम करतात तेव्हा पाणबुड्याच्या टोकाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो. का? वर पाईप निसटला किंवा फुटला तर वरचा दाब एकदम नाहीसा होतो, आणि खालचं पाणी माणसाला चेपून त्याच्या मास्कमधली हवा पाईपमधून वर ढकलतं. साध्या मास्कला थेट पाईप जोडला तर चेहऱ्याचं आणि फुप्फुसाचं काय होईल त्याची कल्पना करा. वर पाईप कशाने जोडणार होतात? क्लिपने?

निफाडकर

हो. जुबली क्लिप.

फेरूल_आणि_डाय

तेच. मोटार काढायला माणूस कशाला लागतो? लोखंडी गळ बनवून घ्या, तीन-चार आकड्यांचा, पिंपळगावात कुठलाही वेल्डर करून देईल. विहिरीवर तिकाटणं उभं करा, चेन ब्लॉक लावा. मोटारीला पाईप किंवा केबल अजून जोडलेली असेल तर गळ त्यात अडकतो. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत घालून, टॉर्च लावून दोरीने सोडला तर खाली काय आहे ते आधी कळेल. ओढताना केबलवर भार घेऊ नका.

जुनं_ते_सोनं

अवांतर: होज घरी दुरुस्त करण्याची परंपरा मोठी आहे बरं का. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्टो आणि गान्यां यांनी जो रेग्युलेटर बनवला, त्यातूनच पुढे ती दोन लठ्ठ कोरुगेटेड रबरी नळ्यांची जोडी आली, यंत्र पाठीवर, नळ्या कानामागून तोंडाकडे. त्या नळ्यांत दाब आसपासच्या पाण्याइतकाच, त्यामुळे त्यांना दाबलेली फेरूल लागतच नाही, साधी क्लिप पुरते. जुन्या रेग्युलेटरचे शौकीन आजही त्या नळ्या स्वतः बदलतात. १९५२ मध्ये मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने पोर्पॉइज नावाचा एका होजचा रेग्युलेटर आणला, दाब कमी करायचं काम दोन ठिकाणी वाटलं आणि मधल्या होजमध्ये १० बारच्या आसपास हवा आली. तेव्हापासून घरच्या क्लिपचा जमाना संपला. म्हणजे गोदाकाठच्या भाऊंना सत्तर वर्षं उशीर झाला.

गोदाकाठचा

हाहा. मला दोन नळ्यांचाच घ्यायला हवा होता.

निफाडकर, कृपया काय झालं ते इथे कळवा.

माझं सांगतो. तयार रबरी होज मागवला, १०० सेंमीचा. जुना काढला तेव्हा फेरूलसाहेबांचं वाचून हुक्की आली म्हणून तो कटरने उभा चिरला. बाहेरून तडा केवढा, तर नखाएवढा. आत बार्बच्या कडेपाशी अस्तर गोल गोल कापत गेलेलं, जवळजवळ पाव घेरापर्यंत. तिथून पुढचा पाईप अगदी छान. म्हणजे वाकण्याचा सगळा त्रास त्या एका जागेने सोसलाय. आधीचा मालक बहुतेक फर्स्ट स्टेज हातात धरून बाकी सगळं लोंबकळत ठेवायचा.

आता एक शेवटचं: आधीच्या मालकाने हा होज एकदा बदलला होता असं सांगितलं होतं. इतक्या लवकर गेला याचं कारण वापर की दुसरं काही?

बुडबुडे

वापर असेलच, पण एक तपासून घ्या. बीसीडीच्या (हवा भरून तरंगायचं जाकीट) इन्फ्लेटर होजच्या क्विक कपलिंगला लावायचा छोटा प्रेशर गेज मिळतो. तो लावून हवा सोडा, दोन-चारदा पर्ज करा आणि काटा कुठे थांबतो बघा. ९-१० बारच्या आसपास थांबून तिथेच राहिला तर उत्तम. हळूहळू वर चढत राहिला तर फर्स्ट स्टेजची सीट (हवा अडवणारी आतली गादी) गळतेय आणि सगळे एलपी होज रोज जादा दाब खातायत. मग नवा होजही तसाच जाईल. चढत असेल तर तो घरचा विषय नाही, सर्व्हिसला द्या.

त्याच कपलिंगबद्दल: आत टायरसारखा व्हॉल्व्ह कोअर असतो. इन्फ्लेटर काढल्यावर तिथून हवा निघत असेल तर दबाव काढून तो कोअर बदलायचा, होज फेकायची गरज नाही. मात्र तो स्कूबाच्या सुट्या भागांतलाच घ्या, पंक्चरवाल्याकडचा नको, त्याच्यातून हवा पुरेशी जात नाही.

गोदाकाठचा

लावला. ९.५ वर थांबला, अर्धा तास हलला नाही. गंगापूर धरणावर कुठे परवानगी मिळतेय का बघतो, तिथेच चाचणी.

खारं_वारं

परवानगीचं तुम्ही बघा, पण नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे. ३०० मीटरच्या वर गेलं की ते उंचीवरचं डायव्हिंग धरतात, वर हवेचा दाब कमी म्हणून नेहमीची टेबलं (किती खोल किती वेळ राहायचं त्याचे तक्ते) जशीच्या तशी चालत नाहीत. कॉम्प्युटर असेल तर तो उंची स्वतः धरतो की सेटिंगमध्ये द्यावी लागते ते आधी वाचा. नुसता होज तपासायचा असेल तर जलतरण तलावाच्या उथळ टोकाला बसा की.

निफाडकर

मंडळी, मोटार निघाली. माणूस उतरवला नाही. गळ पिंपळगावला बनवला, मोबाइल सोडून बघितलं तर मोटार आडवी पडलेली आणि पाईपचा तुकडा वर. तिसऱ्यांदा टाकल्यावर गळ अडकला, चेन ब्लॉकने उचलली. आमचे दाजी म्हणत होते पोरांना उतरवा, तासाभराचं काम. त्यांना हा धागा वाचून दाखवला. फवारणीचा पाईप परत केला, दुकानदाराने घेतला.

फेरूल_आणि_डाय

झकास! मोटार परत सोडण्याआधी केबलचा जॉइंट नवा करा, पाण्यात इतका वेळ होता. आणि दोरी नायलॉनची घ्या, सुतळी नको, मुळात सुटली कशाने ते बघा.

निफाडकर

दोरी सुतळीचीच होती. आज नायलॉन आणतो.